दाबलेला आकडा

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी कुणी लपवू शकत नाही. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालापण पाठ आणि पंचगंगा घाटावर जाऊन देवळं किती बुडाली ते कुणीपण बघून येतं, मग प्रशासन दोन फूट कमी सांगून करणार काय?

बेरोजगारीचा आकडा मात्र असा घाटावर जाऊन बघता येत नाही ना भावा. २०१७-१८ चा सरकारी बेरोजगारी सर्वे तयार होता, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं मंजूरपण केला होता, पण बाहेर येईना, शेवटी जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या आयोगाच्या सदस्यांनी राजीनामा दिला. पेपरात ६.१ टक्के बेरोजगारी छापून आली तर सरकार म्हणे तो कच्चा मसुदा आहे. मग निवडणूक झाली, निकाल लागला, आणि ३१ मेला तोच ६.१ चा आकडा अधिकृतपणे जाहीर! खोटं बोलायची गरजच पडली नाही, नुसतं थांबले.

खालच्या पातळीवरपण हेच. रस्त्याच्या खर्चाबद्दल आरटीआय टाकला, दहाचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत बसवलेला. उत्तर आलं, 'सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही.' म्हणजे आहे, पण दहा फायलीत विखरून. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यानं आरटीआय कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधली, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायच्या कलमातली, जनहिताची अटच काढली, आता कुठलीपण गोष्ट 'वैयक्तिक' म्हणायला रान मोकळं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं म्हणणारं ८(२) शिल्लक आहे, पण तिथं जनहित आपणच भांडून पटवायचं. सरकारबद्दलची बातमी खरी का खोटी ते सरकारचंच युनिट ठरवणार हा नियम मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये उडवला, तेवढं बरं झालं.

म्हणून मी सांगतो, उत्तराची वाट बघत बसू नका, फाईलच बघायला मागा. महापालिका, झेडपी, जिल्हा ऑफिसात दर सोमवारी ३ ते ५ रेकॉर्ड बघू द्यायचं असा राज्याचा २०१८ चा जीआर आहे, फुकट. मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, मागायचं, त्यात डांबराची जाडी लिहिलेली असते, ती रस्त्यावर पट्टी लावून आपल्यालापण मोजता येते. 'साहेब मीटिंगला गेलेत' हे ऐकावं लागेलच. जीआरची प्रिंट पुढं ठेवायची आणि तिथंच खुर्ची ओढून बसायचं, कपाटाची चावी सापडते.