पंचाहत्तर वर्षांचा कागद

आमच्या विद्यापीठातील विधी-लेखन मंडळ विद्यार्थीच चालवतात. लेख मागवण्यापासून मुद्रितशोधनापर्यंत सगळे आमच्याकडे. आज गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एका गावात वनहक्कांवरील लेखाचा मसुदा आम्ही ग्रामसभेच्या सदस्यांना वाचून दाखवला. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार इतर पारंपरिक वननिवासींना (अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासींना) 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते, या वाक्याशी एका आजींनी वाचन थांबवले आणि विचारले, “बाबू, इतका जुना कागद कुठून येईन?” या कायद्याखालील नियमांपैकी नियम 13 प्रमाणे दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा ठरते, हे सांगताच चर्चा (आमच्या परिसंवादांत क्वचितच रंगते तशी) रंगली. लेखाची सुरुवात आता नियम 13 पासूनच व्हावी, असे मी संपादक मंडळाला सुचवणार आहे.