कंपनीचा मेल जीमेलवर नेताना

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीचा मेल जुन्या होस्टिंगवरून गूगल वर्कस्पेसवर, म्हणजे कंपन्यांसाठीच्या जीमेलवर न्यायचं ठरलं, तेव्हा साहेब म्हणाले, "चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत उरकून टाक." सर्व्हरच्या दृष्टीने मुहूर्त उत्तम, कारण चवथीला गोव्यातलं सगळं कामकाज थंडावतं. पण माणसं गावी नेवऱ्या खाऊन परत येणार आणि पहिल्याच सकाळी समोर अनोळखी स्क्रीन! मी सांगितलं, बदल चवथीनंतरच्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी करू, तोवर मला लोकांबरोबर बसू द्या. त्यांना फारसं पटलं नाही, पण अडवलं नाही.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. कंपनीचा मेल कुठल्या सर्व्हरवर पोहोचवायचा हे एमएक्स नोंद सांगते; तिचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवला, म्हणजे बदल लवकर पसरतो. एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत, गूगलची भर घातली, नाहीतर आपले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. जुन्या मेलची कॉपी आधीपासूनच सुरू करून दिली.

खरा वेळ गेला तो टेबलाटेबलाशी. सूचनांचं पत्रक काढण्याआधी मी प्रत्येकाला एकच विनंती केली: रोज मेल कसा वापरता ते मला करून दाखवा.

अकाउंट्समधल्या ताईंनी आउटलुक उघडलं आणि सरळ 'डिलीटेड आयटम्स'मध्ये शिरल्या. तिथे पुरवठादारांच्या नावांचे फोल्डर, त्यांच्या पोटात वर्षवार फोल्डर, त्यात बिलं. सगळं इतकं नीटनेटकं की ऑडिटरनेही मान डोलवावी. "काम झालं की डिलीट दाबते, इनबॉक्स मोकळा राहतो. लागलं तर इथे आहेच की," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा जातो. त्यांचा हात माउसवरच थांबला. "आणि इतकी वर्षं कसा राहिला तो?" इथे रिकामं करण्याची सेटिंग कुणी लावली नव्हती, एवढंच. मग आम्ही दोघांनी मिळून सगळे फोल्डर तिथून बाहेर काढले, आणि डिलीटच्या जागी आर्काइव्हचं (मेल इनबॉक्समधून हलवून जपून ठेवण्याचं) बटण दाबायची सवय त्यांनी त्याच आठवड्यापासून लावून घेतली. हे पत्रकात लिहून कधीच कळलं नसतं, कारण आपण कचऱ्यात बिलं ठेवतो असं कुणी फॉर्मवर भरून देत नाही.

डिस्पॅचमध्ये वेगळीच गोष्ट. तिथला संगणक पॉप या जुन्या पद्धतीने मेल स्वतःवर उतरवून सर्व्हरवरून पुसत होता. म्हणजे सर्व्हरची कॉपी घेतली असती तर हाती जवळजवळ काहीच लागलं नसतं. सारा इतिहास त्या एका हार्ड डिस्कवरच्या पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या मेल साठवायच्या फाइलमध्ये. ती वेगळी चढवावी लागली. शिवाय तिथल्या काकांना मुरगाव बंदरावरच्या एजंटचा पत्ता माहीतच नव्हता! पहिली दोन अक्षरं टाकली की आउटलुक उरलेला पुरवत असे. ती आठवण आउटलुकची, ॲड्रेस बुकची नव्हे. ती सोबत येत नाही. म्हणून ज्याला त्याला आपापले नेहमीचे पत्ते आधीच कॉन्टॅक्ट्समध्ये भरायला बसवलं. कंटाळले सगळे, पण भरले.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचं, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याचं, घोडं प्रॉडक्शनमध्ये अडलं. आत मोबाइल न्यायला मनाई, आणि कोड तर मोबाइलवर. तिथल्या सुपरवायझरांना मोबाइलशिवाय चालणाऱ्या बॅकअप कोडची यादी छापून दिली. एका यादीत १० कोड असतात, वापरलेला खोडायचा. कागद स्क्रीनला चिकटवायचा नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

स्टोअरमधला स्कॅनरही स्वतःच्या खात्यातून मेल पाठवतो, हे फिरलो म्हणूनच दिसलं. अशा यंत्रांची आठवण एरवी ती बंद पडल्यावरच होते.

एक गोष्ट मी सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत लावली: या बदलासाठी कुणालाही पासवर्ड विचारणारी लिंक मेलवर येणार नाही, मी स्वतः टेबलाशी येईन. बदलाच्या काळात 'तुमचा मेलबॉक्स बंद होतोय, इथे क्लिक करा' हा मेल लोकांना अगदी खरा वाटतो. तसा एक आलाही, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने तो न उघडता मला हाक मारली.

बदलानंतरच्या सोमवारी पासवर्डचे फोन थोडेच आले. जास्त आले ते 'मेल गायब झालेत' म्हणून. गायब काही नव्हते. जीमेल एका विषयाचे सगळे मेल एकाखाली एक रचून ठेवतं. काकांना ते रुचेना, म्हणून त्यांचा कॉन्व्हर्सेशन व्ह्यू सेटिंगमधून बंद करून टाकला. इतरांना मी थोडे दिवस थांबा म्हटलं, आणि बहुतेकांनी नंतर पुन्हा विचारलं नाही.

जुना सर्व्हर मी लगेच बंद करू दिला नाही. त्याचं भाडं भरताना साहेब कुरकुरले, पण तिमाहीचा हिशेब पुरा होईपर्यंत तो हवाच, असं त्यांना ताईंनीच ठणकावून सांगितलं.