ट्यूब मंद करताना फिलामेंट गरम हवे

काही वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका अभ्यासिकेसाठी मी ३६ वॅटच्या ट्यूबचा प्रकाश कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट, म्हणजे ट्यूब पेटवणारे आणि तिचा प्रवाह आवरणारे सर्किट, तयार केले होते. रात्री उशिरा मुलांची गर्दी ओसरली की प्रकाश उतरवावा, एवढीच मागणी होती. चार महिन्यांत ट्यूबची टोके काळी पडू लागली. एक ट्यूब उतरवून खिडकीपाशी धरली, तेव्हा टोपीपासून दोन बोटांवर काजळीसारखे कडे दिसले. फिलामेंटवरचा, म्हणजे ट्यूबच्या टोकांतल्या तापणाऱ्या तारेवरचा, लेप उडून आतून काचेला चिकटला होता.

हा लेप म्हणजेच ट्यूबचे आयुष्य. तापलेल्या फिलामेंटवर तो इलेक्ट्रॉन सहज सोडतो. चोक-स्टार्टरच्या साध्या पट्टीत ट्यूब पेटल्यावर स्टार्टर बाजूला होतो आणि ट्यूबमधला पूर्ण प्रवाहच फिलामेंटला तापलेले ठेवतो. प्रकाश कमी करण्यासाठी तो प्रवाह घटवला की ही ऊब जाते, थंडावलेल्या फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन ओढून काढायला टोकाशी जास्त व्होल्टेज लागते आणि त्या व्होल्टेजने वेग घेतलेले आयन (ट्यूबमधल्या वायूचे विद्युतभारित कण) लेपावर आदळून तो झिजवत राहतात. माझ्या सर्किटमध्ये पेटण्यापूर्वी सेकंदभर फिलामेंट तापत असे आणि मग ती वाट बंद होत असे, कारण पूर्ण प्रकाशात तिची वीज वाया जाते. पूर्ण प्रकाशापुरता तो हिशेब बरोबर होता. मंद प्रकाशाचा विचार त्यात नव्हता.

प्रवाह कमी करणे त्या मानाने सोपे आहे. पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. पण बॅलास्टमधला हाफ-ब्रिज, म्हणजे आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरची जोडी, सुमारे ४०० व्होल्ट डीसीवर चालतो; त्याची वारंवारता ४५ किलोहर्ट्झवरून वर नेली की ट्यूबशी एकसरीत असलेल्या कॉइलचा अडथळा वाढतो आणि ट्यूबचा प्रवाह उतरतो. शिवाय डोळ्याला दिसणारी घट मीटरवरच्या घटीपेक्षा खूपच कमी असते. प्रकाश दहा टक्क्यांवर आणला तरी तो एक-तृतीयांश उरल्यासारखा भासतो, म्हणून मंद म्हणता येईल अशा प्रकाशासाठी फार खाली जावे लागते, आणि तिथेच फिलामेंट सर्वांत थंड असते.

दुसऱ्या आराखड्यात मी त्याच कॉइलवर प्रत्येक टोकासाठी स्वतंत्र छोटे वेढे घेतले आणि त्यांच्याशी एकसरीत कपॅसिटर जोडला. कपॅसिटरचा अडथळा वारंवारता वाढली की कमी होतो, त्यामुळे ट्यूब जितकी मंद, तितकी फिलामेंटला ऊब अधिक, हे वेगळ्या नियंत्रणाशिवाय साधते. मला ही रचना मनापासून आवडते.

ती ऊब किती असावी, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते. फिलामेंटच्या आत थर्मामीटर घालता येत नाही. म्हणून गरम अवस्थेतला रोध थंड अवस्थेतल्या रोधाच्या किती पट झाला ते पाहतात. सव्वाचार पट झाला की फिलामेंट पेटण्याजोगे तापले असे मी धरतो. त्याहून फार वर गेल्यास लेपाची वाफ होऊ लागते आणि टोके पुन्हा काळी पडतात.

नागपूरच्या उन्हाळ्याने मला इथेच चकवले. मे महिन्यातल्या दुपारी शेडमध्ये ४४ अंश तापमान असताना मी 'थंड' रोध मोजत होतो. टंगस्टनचा रोध दर अंशाला साधारण ०.४५ टक्क्याने वाढतो, त्यामुळे २५ अंशांना २.०० ओहम असलेले फिलामेंट त्या दुपारी २.१७ ओहम दाखवते. त्याच्या सव्वाचार पट म्हणजे ८.५ ऐवजी ९.२ ओहम, म्हणजे मी प्रत्येक फिलामेंट गरजेपेक्षा जास्त तापवत होतो. आता थंड रोधाच्या आकड्याशेजारी वहीत खोलीचे तापमान लिहितो, आकडा २५ अंशांवर आणतो आणि मगच वेढे मोजायला घेतो.