सरांनी उघडलेली दुर्बीण

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि शास्त्राचे सरच डोळ्यांपुढे उभे राहिले. स्नेहसंमेलनांवर, क्रीडास्पर्धांवर बाकीचे लिहितीलच.

दहावीत माझ्या बाकावरच्या मित्राचं बिऱ्हाड मुंबईला हललं. जाताना त्यानं आजोबांची पितळी दुर्बीण मला दिली. आजोबा बोटीवर होते. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, मिटली की खिशात मावणारी. पण आतून सगळं धुरकट. आई ती चिंचेनं घासायला निघाली होती. सर म्हणाले, "खबरदार! वरचा लाखेचा थर जाईल." नळीवर 'डॉलंड, लंडन' हे नामांकित दुर्बीणकाराचं नाव वाचून मी हरखलो, तर म्हणाले, "या नावाच्या नकलाही पुष्कळ झाल्यात. भिंगं बघू."

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी आटे सोडवले. एकेक भिंग ओळीनं मांडलं. शेजारी पेन्सिलीनं आकडा, आणि कुठली बाजू डोळ्याकडे त्याचा बाण. मधली भिंगं कशाला? प्रतिमा सुलटी करायला. खलाशाला जहाज उलटं दिसून कसं चालेल!

मग एका रात्री व्हरांड्याच्या खांबाला दुर्बीण टेकवून त्यांनी गुरू दाखवला. बाजूला तीन ठिपके. "सर, चौथा चंद्र?" "गॅलिलिओलाही 7 जानेवारी 1610 ला तीनच दिसले. चौथा 13 तारखेला. वहीत चित्र काढ आणि उद्या ये." ठाऊक असलेलं उत्तर असं राखून ठेवणारा शिक्षक मला पुढे भेटला नाही.

विजयदुर्गच्या सहलीत साहेबाच्या ओट्यांवर, म्हणजे ग्रहण पाहायला इंग्रजांनी बांधलेल्या चौथऱ्यांवर, आम्ही हेलियमची गोष्ट रंगवत होतो: लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाला 1868 च्या सूर्यग्रहणात हा वायू म्हणे इथेच सापडला. तिथेही सरांनी टोकलं: लॉकियर इथे आले ते 1898 च्या ग्रहणाला, 1868 च्या ग्रहणावेळी ते इंग्लंडातच होते.

आज पुण्यात माझा चष्म्याच्या भिंगांचा छोटा कारखाना आहे. मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. कामाला नवा पोरगा आला की यंत्राला हात लावण्याआधी त्याला कागदावर बाण काढायला लावतो.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो. स्लॅबची इमारत ऐसपैस आहे, पण मैदानावर रात्रभर प्रखर दिवे. गुरू कसाबसा दिसेल, बाकी आकाश गेलंच. महोत्सवाच्या संध्याकाळी तासभर ते बंद ठेवावेत, अशी समितीला विनंती. दुर्बीण आणि तिवई मी आणतो. मित्रही यायचं म्हणतोय. त्याची तक्रार एकच: दुर्बीण दिली मी, आणि हा उठता-बसता सरांचं नाव घेतो.