गाण्याच्या तासाची शिदोरी

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं ठरलं, तेव्हा गाण्याच्या तासाखेरीज दुसरा विषय मनात आला नाही. गणित-शास्त्राबद्दल इतर वर्गमित्र लिहितीलच.

स्नेहसंमेलनासाठी बाई आमच्याकडून जात्यावरच्या ओव्या बसवून घेत. एकीने ओळ सुरू करायची, ती संपता संपता बाकीच्यांनी उचलायची आणि मागच्या रांगेने खालचा सा धरून ठेवायचा. पेटी बंद. कुणी मध्येच हरकत घेतली की बाई थांबवत. “ही चाल तुमच्या आजीची आहे, तिला नटवायचं नाही,” म्हणत.

पुढे शिकायला एस्टोनियात तार्तूला गेले. त्या देशाचा पहिला गीतमहोत्सव १८६९ साली याच गावात भरला होता. तिथल्या गायकवृंदात मला संगीतकार वेल्यो तोर्मिस (१९३०–२०१७) भेटले, म्हणजे त्यांचं संगीत. एस्टोनियाच्या जुन्या लोकगीतांत एक जण ओळ गातो आणि बाकीचे तीच ओळ उचलतात. चाल जेमतेम चार-पाच सुरांची. तोर्मिस त्या चालीला हात लावत नाहीत. ती तशीच पुन्हा पुन्हा येते, बदलतो तो तिच्याभोवतीचा आवाजांचा थर. पहिल्याच तालमीला मला बाईंची शिस्त ओळखू आली.

‘विसरलेले लोक’ ही त्यांची वृंदगीतांची सहा भागांची मालिका १९७० ते १९८९ या काळात झाली. पहिला भाग लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या लिव लोकांचा. त्यात वसंतात पक्ष्यांना जागं करायचं गाणं आहे. एका आवाजात किलबिलीसारखी छोटीशी चाल सुरू होते, मग दुसरा आवाज, तिसरा, आणि सगळा वृंद किनारा होऊन जातो. मातृभाषा म्हणून लिव शिकलेली शेवटची व्यक्ती २०१३ साली वारली. ते शब्द उच्चारताना माझा गळा दर वेळी दाटून येतो.

आपल्याकडे लोकगीत मंचावर आलं की ढोलकी, कीबोर्ड आणि कडव्यांमधले लांबलचक तुकडे चढवले जातात. मला ते मनापासून खटकतं. ओवीला एवढ्या दागिन्यांची गरज नाही, तिला ऐकणारे शेजारी लागतात.

बाईंनी बसवलेल्या ओव्या ज्यांच्या वहीत किंवा तोंडात असतील, त्यांनी शाळेकडे द्याव्यात. त्यांचं स्वरलेखन मी करून देईन आणि सुट्टीत आले की आठवी-नववीच्या मुलामुलींकडून त्या बसवूनही घेईन.