तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत वाट पाहत बसलेला माणूस

"जग संपल्यानंतरचे एवढे सिनेमे बघता, तेही असे चार पैशांत केलेले. उदास नाही का वाटत?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट बसून सांगायला हवं.

उदास मला त्याच विषयावरचे मोठे सिनेमे करतात. पूल तुटतात, शहरं कोसळतात, लाखो माणसं मरतात आणि त्यातलं एकही आपल्या ओळखीचं झालेलं नसतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला पूल पाडणं परवडत नाही. त्याच्याकडे दोन-चार नट, एखादं घर, एखादी गाडी आणि ओसाड रस्ता. 1951 साली आर्च ओबोलरने अणुसंहारानंतर उरलेल्या पाच माणसांवर 'फाइव्ह' केला, तो बराचसा स्वतःच्याच जागेवर. अशा दिग्दर्शकाला माणसांकडे बघत बसण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि बघत बसलं की दिसायला लागतं.

'द बॅटरी' हा 2012 चा सिनेमा सुमारे 6,000 डॉलरमध्ये झाला. लेखक, दिग्दर्शक आणि दोघांतला एक मुख्य नट, तिन्ही जेरेमी गार्डनरच. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा आणि त्याच्यासमोर बसून तो झेलणारा, या जोडीला 'बॅटरी' म्हणतात. बेन आणि मिकी ही तशी जोडी. आता सगळीकडे झॉम्बी आहेत आणि हे दोघं रानावनातून भटकताहेत. बेनला हे जगणं मानवलंय. मिकीला डोक्यावर छप्पर हवंय, माणसं हवीत, म्हणून तो सदा कानाला हेडफोन लावून जुन्या जगात बसलेला. जग शाबूत असतं तर या दोघांनी एकमेकांना फार काळ सोसलं असतं असं मला वाटत नाही. इथे मात्र भांड्याला भांडं लागायला निदान दुसरं भांडं आहे. त्यांची कुरबुर ऐकताना मला जितकं बरं वाटतं, तितकं गळाभेटींनी वाटत नाही.

पुढे दोघं गाडीत अडकतात. बाहेर झॉम्बींचा वेढा. मिकी बाहेर पडतो आणि बेन मागच्या सीटवर त्याची वाट बघत राहतो. कॅमेरा हलत नाही, कट नाही, जवळजवळ दहा मिनिटं. तो पितो, कान देतो, चुळबुळतो. दिग्दर्शकाच्या हातात पैसे असते तर कॅमेरा बहुधा मिकीच्या मागे धावला असता, असं मला नेहमी वाटतं. इथे तो थांबणाऱ्यापाशी थांबलाय.

फ्रेममध्ये बेन एकटाच आहे, पण मला तो एकाकी वाटत नाही. ज्याची वाट बघायची असं कुणीतरी त्याला आहे.

याच्या उलट 'द क्वाएट अर्थ', न्यूझीलंडचा, 1985 चा, जेफ मर्फीचा. झॅक हॉब्सन नावाचा शास्त्रज्ञ सकाळी उठतो तर जगात कुणीच नाही. सुरुवातीला चैन, मग हळूहळू तोल जातो. एका रात्री तो पुठ्ठ्याची माणसं उभी करून सज्जातून भाषण ठोकतो, आणि टाळ्या टेपवरच्या. समोर गर्दी, आवाज, आणि येणारं कुणीच नाही! ते दृश्य मला अजूनही सहन होत नाही. नंतर त्याला एक बाई भेटते, मग एक माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, पुरुष, आणि तिघं झाल्याबरोबर हेवाही येतो. दिग्दर्शकाने तो लपवला नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. सोबत आली की तिच्यासोबत हेही येणारच.

फ्रेंच दिग्दर्शक ल्यूक बेसाँचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा 'ल दर्निए कोंबा', 1983 चा, कृष्णधवल. त्यातल्या जगात माणसांची वाचाच गेलीय. एका प्रसंगी दोन पुरुष एक वायू हुंगतात आणि मोठ्या कष्टाने एकमेकांना 'बोंझूर' म्हणतात. नमस्कार, बस्स. अख्ख्या सिनेमातलं बोलणं तेवढंच. मी तेव्हा रडले होते.

आई गेल्यानंतर काही वर्षं मी एकटी राहिले. बोलायला माणसं होती, फोन होते. नव्हती ती चाहूल. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलल्याची, कडी निघाल्याची, आता ती येईल याची. त्या काळात 'द बॅटरी' पहिल्यांदा पाहिला आणि गाडीतल्या त्या दहा मिनिटांत माझं काय हरवलंय ते मला कळलं. तोपर्यंत मी त्याला नुसतंच 'एकटेपणा' म्हणत होते. म्हणून हे सिनेमे बघते.

कुठून सुरुवात करू असंही विचारता. 'द बॅटरी'पासूनच करा, आणि कुणाला तरी शेजारी बसवून बघा. गाडीतला तो शॉट लागला की फोन हातात घेऊ नका, पुढे ढकलू नका. मिकी परत येतो की नाही, ते मी सांगणार नाही.