तीन बावन्नचा पेला

दुपारी साडेतीनला बाईंना व्हीलचेअरवरून आत आणलं तेव्हा घाम पुसून पुसून ओढणीची कड भिजली होती. बोटाची साखर ४६, फारच कमी. हात थरथरत होते, पण बोलणं नीट. वय ६२, मधुमेह १४ वर्षांचा, रमजानचा चौथा रोजा.

कारण शोधावं लागलं नाही. ३०/७० चं मिश्र इन्सुलिन, सकाळी २४ युनिट, रात्री १६. पहाटे सहरीला खाऊन बाईंनी सकाळचे २४ नेहमीसारखे टोचले होते. या मिश्रणातला ७० टक्के भाग मध्यम पल्ल्याचा. तो चार तासांनी चढतो आणि आठ-दहा तास जोर धरून असतो. एरवी त्या वेळी दुपारचं जेवण पोटात असतं, आज पोट रिकामं. डोस कुणी बदलून दिला नव्हता, कारण दोन महिन्यांपूर्वी फाइलवर ठळक लिहिलेलं होतं : ‘रोजे ठेवू नयेत.’ अक्षर माझंच. असं लिहून आपण मोकळे होतो. पेशंट घरी जाऊन ठरवलेलंच करतो, फक्त आपल्याला न सांगता. खरं तर हे बोलणं रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी, डोसच्या आकड्यांसकट व्हायला हवं.

शुद्धीवर असलेल्याला १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज तोंडानं द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, इतकं साधं काम. सिस्टरनं चार सपाट चमचे पाण्यात ढवळून पेला पुढे केला. बाईंनी तोंड फिरवलं.

“मगरिबला तीनच तास राहिलेत.” मगरिब म्हणजे सूर्यास्त, रोजा सोडायची वेळ.

मुलगा वैतागला. “सूरह बकराची १८५ वी आयत बघा, डॉक्टर. आजाऱ्यानं ते दिवस नंतर भरून काढावेत, अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नव्हे. अम्मी ऐकतच नाही.”

थोरली मुलगी म्हणाली, “त्याच्या आधीची १८४ वी पण वाच ना. रोजा ठेवणं तुमच्यासाठी अधिक चांगलं, असंही आहे तिथे.” आणि हे म्हणताना ती आईच्या तळव्याला तळवा घासत होती, कारण हात गार पडले होते.

बाईंनी मलाच विचारलं, “सुईतून दिली साखर तर राहतो ना रोजा?”

‘राहतो’ म्हटलं असतं तर पाच मिनिटांत काम उरकलं असतं. पण इन्सुलिनच्या सुईनं किंवा बोट टोचल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, मानतात, शिरेतून दिलेलं ग्लुकोज मात्र पोषण धरलं जातं आणि त्यानं तुटतो. तेच सांगितलं. इथे थाप मारली आणि नंतर कळली, तर इन्सुलिनबद्दलचं खरंही कुणी ऐकत नाही.

मग स्टूल ओढून विचारलं, “अम्मी, तुटला तर काय होईल असं वाटतं?”

“साठ ठेवावे लागतील. लागोपाठ.”

म्हणजे कफ्फारा, प्रायश्चित्त. तो कारण नसताना जाणूनबुजून तोडलेल्या रोजाचा, आणि तोही नेमका कशानं लागतो यावर हनफी आणि शाफई या दोन विचारपंथांत मतभेद आहेत. आजारानं तोडला तर एकाला एक, कजा, म्हणजे नंतर भरून काढलेला रोजा. यावर मात्र दुमत नाही. पण हे डॉक्टरच्या तोंडून पुरेसं नसतं. मुलानं मौलानांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्यांनी दोन वाक्यांत तेच सांगितलं.

तरी हात पेल्याकडे जाईना. “गुडघ्यांमुळे नमाज खुर्चीवर बसून पढते. नीट होतं असं हे एकच राहिलंय माझ्याकडे.”

मुलीनं पेला उचलला. “खुर्चीवरची नमाज कबूल होते ना, अम्मी? मग हा खुर्चीवरचा रोजा समज.”

भिंतीवर ३.५२ झाले होते.

चार वाजून आठ मिनिटांनी ७८. इथेच लोक फसतात : आकडा वर आला की घरी जातात. इन्सुलिन अजून अंगात असतं. खायला दिलं, पण खाणं रेंगाळलं आणि पाचला पुन्हा ६६. परत तेवढंच ग्लुकोज. आठपर्यंत थांबवलं.

त्या वेळात दुसरा वाद निघाला. मुलाला फिदिया देऊन विषय मिटवायचा होता, प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण. बाईंना कजाच हवी. फिदिया त्याच्यासाठी, ज्याचं दुखणं हटण्याची आशा नाही; पुढे जमणार असेल तर कजा. त्यामुळे ‘पुढे जमेल का’ या माझ्या उत्तराला मला नको तितकं वजन आलं होतं. किडनी ठीक होती, दृष्टी ठीक होती. सांगितलं, या रमजानमध्ये आता एकही नाही. थंडीत दिवस लहान असतो, तेव्हा एक ठेवून पाहू. त्या दिवशी सकाळचे २४ इफ्तारला, रात्रीच्या १६ चे निम्मे, ८, सहरीला. साखर पाच वेळा : सहरीआधी, दहाला, बाराला, तीनला, इफ्तारआधी. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की घड्याळ न बघता तोडायचा. मुलगा गप्प बसला, पटलं नव्हतं.

निघताना बाईंनी ४६, ७८, ६६ च्या चिठ्ठीवर माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली : ‘चौथा, ३.५२.’ कजेचा हिशोब चुकायला नको म्हणून. पुढचे २५ की २६, ते चंद्र दिसल्यावर लिहू म्हणाल्या.